श्वासाने घ्यायची भुकटी : सशांच्या प्रयोगापासून पुण्याच्या गोवर लसीपर्यंत



भिलाईच्या कोहका भागात एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी द्रवगतिकी शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हवेत तरंगणाऱ्या कणांचा धडा चालू होता आणि उदाहरण म्हणून मी दम्याच्या इनहेलरचे चित्र फळ्यावर काढले होते. मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने हिंदीत विचारले, "सर, माणसाला 'जोरात ओढा' म्हटलं की तो ओढतो. पण औषध आधी उंदरावर तपासतात ना? उंदराला हे कसं सांगायचं?"

वर्ग हसला. त्या दिवशी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे गेलो. घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नाही. श्वासाने घ्यायच्या औषधांचा सगळा इतिहास त्यात आहे. हे टिपण म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर समजा. तुम्ही औषधनिर्माणशास्त्राचे असा, जीवशास्त्राचे असा की यंत्र अभियांत्रिकीचे, बारावीपर्यंतच्या भौतिकशास्त्रावर सगळे समजेल.

१. रिकाम्या कॅप्सूलची फसगत

माझ्या आईला दमा आहे. तिला रोटाहेलर दिलेला होता. कॅप्सूल आत ठेवायची, पिळून तिचे दोन तुकडे करायचे आणि तोंडाला लावून ओढायचे. ती दोन्ही वेळेला नेमाने घ्यायची. घेऊन झाले की उघडून आम्हाला दाखवायची : बघा, कॅप्सूल रिकामी. आम्हीही निश्चिंत. दम मात्र कमी होईना. औषधाची ताकद एकदा वाढवून झाली, दुसऱ्यांदा वाढवण्याची वेळ आली.

एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, "हे औषध गोड लागतं रे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या कॅप्सूलमध्ये औषधाचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीची सगळी दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज. औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या मोठ्या कणांना चिकटून बसलेले असतात. श्वास जोराचा असेल तर ते सुटे होऊन पुढे जातात आणि लॅक्टोज तोंडात व घशात राहते. त्यामुळे थोडे गोड लागणे चुकीचे नाही. पण आई चहाचा घोट घ्यावा तसे हळूच ओढत होती. बारीक कण मोठ्यांपासून सुटतच नव्हते आणि औषध लॅक्टोजबरोबर जिभेवर बसून पोटात जात होते. आम्ही मोजत होतो ती कॅप्सूलमधून बाहेर पडलेली भुकटी. मोजायला हवी होती फुफ्फुसात पोहोचलेली.

या टिपणात तीन शब्द वारंवार येतील. भरलेली मात्रा म्हणजे साधनात घातलेले औषध. सुटलेली मात्रा म्हणजे साधनाबाहेर पडलेले. बसलेली मात्रा म्हणजे फुफ्फुसाच्या आतल्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष टेकलेले. उपयोग फक्त तिसरीचा, आणि मोजायला सर्वांत अवघडही तीच.

२. कणाचा आकार : सशांनी दिलेला पुरावा

भिलाईत राहणाऱ्याला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून इथल्या गृहिणी गच्चीवर कपडे वाळत घालण्यापूर्वी वाऱ्याची दिशा बघतात. पण दोरीवरच्या चादरीवर दिसते ती धूळ जाड असते. डोळ्यांना न दिसणारी धूळ फुफ्फुसाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची.

स्टोक्सच्या नियमाने स्थिर हवेत खाली येणाऱ्या छोट्या कणाचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे एक मीटर उतरायला त्याला साडेपाच मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी जवळजवळ आठ तास लागतात. श्वासनलिकेत याचा परिणाम असा होतो की जड कण वळणावर वळू शकत नाही आणि सरळ जाऊन नाकात किंवा घशात आदळतो. फार हलका कण हवेबरोबर आत जातो आणि बराचसा तसाच बाहेर येतो. माणसाच्या बाबतीत साधारण १ ते ५ मायक्रॉन हा पट्टा फुफ्फुसात बसायला सोयीचा मानतात.

इथे व्यास म्हणजे वायुगतिक व्यास. कण हवेत जसा वागतो त्यावरून ठरवलेला हा व्यास भौमितिक व्यासाला सापेक्ष घनतेच्या वर्गमूळाने गुणून येतो. १९९७ मध्ये डेव्हिड एडवर्ड्‌स आणि सहकाऱ्यांनी याचाच उपयोग केला. त्यांनी मोठे पण सच्छिद्र, हलके कण बनवून त्यांतून उंदरांना इन्सुलिन दिले. तुम्हीच करून बघा : १० मायक्रॉनचा कण, घनता पाण्याच्या एक दशांश. वायुगतिक व्यास येतो ३.२ मायक्रॉनच्या आसपास. चुरमुऱ्यासारखा कण, दिसायला मोठा, वाऱ्यावर हलका.

आकाराचे हे महत्त्व प्राण्यांवर स्पष्ट दिसले ते क्षयरोगाच्या अभ्यासात. १९४८ मध्ये विल्यम वेल्स आणि सहकाऱ्यांनी सशांना क्षयाचे जंतू दोन प्रकारे हुंगवले, एकदा अतिसूक्ष्म थेंबांतून आणि एकदा जाड थेंबांतून. सूक्ष्म थेंबांतले जंतू फुफ्फुसात खोल जाऊन गाठी तयार करत होते. जाड थेंबांतले बहुतेक वाटेतच अडकत होते. जंतू तोच, ससेही त्याच जातीचे, फरक फक्त वाहनाच्या आकाराचा. रोग ज्या वाटेने आत जातो त्याच वाटेने औषधही नेता येईल, या विचाराला अशा प्रयोगांनी बळ मिळाले.

३. माणूस स्वतःच प्रयोगशाळा

भुकटीच्या इनहेलरचा आधुनिक इतिहास १९६० च्या दशकात रॉजर अल्टून्यान या डॉक्टरपासून सांगतात. त्याला स्वतःला दमा होता. ब्रिटनमध्ये औषध कंपनीत काम करताना तो गिनीपिगच्या केसाकोंड्याचा अर्क हुंगून स्वतःला दम्याचा झटका आणायचा आणि नवे रसायन त्यावर चालते का ते पाहायचा. अनेक वर्षे त्याने हे केले. त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध आले. ते भुकटीच्या रूपात द्यावे लागे, म्हणून त्याने स्पिनहेलर बनवला. त्यात कॅप्सूल एका छोट्या पंख्यावर बसते, श्वास ओढला की पंखा फिरतो आणि भुकटी उडते. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता. पंख्याची कल्पना तिथूनच आली असे सांगतात.

अल्टून्यानने स्वतःला पणाला लावले यामागे धाडस होते, तसे कारणही होते. प्राण्यांमध्ये मुद्दाम निर्माण केलेला दमा माणसाच्या दम्यासारखा वागेलच असे नाही. त्याचे औषध फक्त गिनीपिगवर तपासले असते तर कदाचित कपाटातच राहिले असते. पण ही पद्धत सर्वांसाठी चालणार नाही. एका माणसाच्या फुफ्फुसावरून औषध सुरक्षित ठरत नाही आणि फुफ्फुसाचा तुकडा काढून औषध किती बसले हे जिवंत माणसात पाहता येत नाही. म्हणून प्राणी लागतातच, आणि वर्गातला तो प्रश्न परत समोर येतो.

४. उंदराला भुकटी कशी देतात?

उंदीर तोंडाने श्वास घेत नाही, नाकानेच घेतो. त्याच्या नाकातली वळणे माणसापेक्षा गुंतागुंतीची असतात. २५ ग्रॅमचा उंदीर एका श्वासात जेमतेम ०.२ मिलिलिटर हवा घेतो आणि मिनिटाला शंभराहून अधिक श्वास घेतो. त्याच्या श्वासनलिकेची शाखारचनाही वेगळी आहे. माणसाची नलिका जवळजवळ सारख्या दोन फांद्यांत फुटत जाते, तर उंदराची एका मुख्य खोडाला बाजूने फांद्या फुटाव्यात तशी असते. म्हणून माणसाला चालणारा ४-५ मायक्रॉनचा कण उंदराच्या नाकातच अडकण्याची शक्यता मोठी.

पद्धती मुख्यतः तीन.

पहिली, संपूर्ण शरीर धुळीच्या पेटीत. करायला सोपी आहे. पण भुकटी केसांवर बसते, प्राणी अंग चाटतो आणि औषध पोटात जाते. रक्तात औषध सापडले तरी ते फुफ्फुसातून आले की पोटातून, हे सांगता येत नाही. आईच्या गोड भुकटीचीच ही दुसरी आवृत्ती.

दुसरी, फक्त नाकाशी. प्राण्याला नळीत ठेवून नाक तेवढे धुळीच्या प्रवाहात ठेवतात. वाया जाणारे औषध कमी होते, पण प्राण्याला जखडल्याने त्याचा श्वास बदलतो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अमित मिश्रा यांच्या गटाने क्षयरोगासाठी आयसोनियाझिड आणि रिफाब्युटिन असलेले सूक्ष्मकण बनवले. उंदरांना ते देण्यासाठी हातात धरता येईल असे नाकापुरते साधन त्यांनी तयार केले आणि २००८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कल्पना सरळ होती : क्षयाचे जंतू फुफ्फुसातल्या ज्या भक्षक पेशींत लपतात, त्याच पेशींनी हे कण गिळावेत. महागडी यंत्रणा नसलेल्या प्रयोगशाळेलाही काम करता यावे, हा या साधनाचा मोठा फायदा.

तिसरी, श्वासनलिकेत थेट फुंकणे. प्राण्याला बेशुद्ध करून बारीक नळीने भुकटी आत सोडतात. किती भुकटी सोडली ते नेमके कळते. पण नाकाचा अडथळा टळतो, श्वासाबरोबर आत जाणे टळते आणि भुकटी एका जागी ढिगासारखी बसू शकते. हे खऱ्या अर्थाने हुंगणे नव्हेच.

आता हिशेब करू. प्राण्याचा मिनिटाचा श्वास लिटरमध्ये काढायला एक प्रचलित सूत्र आहे : ०.६०८ गुणिले किलोग्रॅममधील वजनाचा ०.८५२ वा घात. २५ ग्रॅमच्या उंदरासाठी उत्तर येते सुमारे ०.०२६ लिटर. समजा, नाकाशी येणाऱ्या दर लिटर हवेत ०.१ मिलिग्रॅम औषध आहे आणि प्रयोग १० मिनिटे चालला. उंदराने हुंगले सुमारे २६ मायक्रोग्रॅम. त्यातले साधारण १० टक्के फुफ्फुसात बसते असे धरण्याची प्रथा आहे, म्हणजे २.६ मायक्रोग्रॅम. आणि साधनात तुम्ही काही मिलिग्रॅम भुकटी घातलेली असेल! भरलेल्या आणि बसलेल्या मात्रेत हजारपटीचा फरक सहज पडतो. शोधनिबंधात मात्रा दिसली की ती तिघांपैकी कोणती, हा पहिला प्रश्न विचारा.

५. गोवर, माकडे आणि पुणे

आता महाराष्ट्रात येऊ. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली. गोवराच्या लसीसाठी ती एडमन्स्टन-झाग्रेब हा सौम्य केलेला विषाणू वापरते. ही लस कुपीत कोरड्या स्वरूपातच येते. लसीकरणाच्या वेळी ती खास द्रवात मिसळतात आणि मग काही तासांतच वापरावी लागते. उरलेली फेकायची. शीतसाखळी हवी, सुई हवी, शिकलेला हात हवा, वापरलेल्या सुयांची विल्हेवाटही हवी. लस कोरडी आहेच, तर ती कोरडीच श्वासाने का देऊ नये?

ओल्या फवाऱ्याचा अनुभव आधीपासून होता. पोलिओ लसीमुळे प्रसिद्ध झालेले अल्बर्ट सॅबिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोत गोवराची लस फवाऱ्याने देऊन पाहिली. पुढे तिथे लाखो मुलांना ती तशी दिली गेली.

कोरड्या लसीची अडचण निराळी. कुपीतली वडी कुटून बारीक करायला गेले तर जिवंत विषाणू मरतो. कोलोरॅडोतील रॉबर्ट सीव्हर्स यांच्या गटाने वेगळा मार्ग काढला. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड लसीच्या द्रावणात मिसळायचा आणि दाब एकदम सोडायचा. सोड्याची बाटली हलवून उघडल्यासारखा फेस होतो, त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते कोमट, कोरड्या नायट्रोजनमध्ये सुकतात. विषाणूला सांभाळायला मायो-इनॉसिटॉल हा साखरेसारखा पदार्थ. त्यातून श्वासाला योग्य आकाराची भुकटी मिळाली. ती देण्यासाठी दोन साधने होती, पफहेलर आणि सोलोव्हेंट. दोन्हींत भुकटी दाबाच्या हवेने उडवून मग श्वासाने घ्यायची असते. 'जोरात ओढ' असे ज्याला सांगता येत नाही, त्या बाळासाठी केलेली ही सोय. म्हणजे उंदराचा प्रश्न आणि बाळाचा प्रश्न एकच निघाला.

साध्या उंदरात गोवराचा विषाणू सहज वाढत नाही, म्हणून आधी कॉटन रॅट या प्राण्यावर काम झाले. भुकटी कुठे बसते, विषाणू वाढतो का, प्रतिकार येतो का, हे पाहिले. मग रीसस माकडे. त्यांना गोवर माणसासारखाच होतो. डायन ग्रिफिन यांच्यासह अनेकांनी केलेला हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुखवट्यातून किंवा नाकातून भुकटीची एकच मात्रा दिली होती. वर्षाहून अधिक काळानंतर माकडांना खऱ्या गोवर विषाणूला सामोरे नेले, तेव्हा ती पूर्ण सुरक्षित राहिली.

त्यानंतर भारतात पहिल्या टप्प्याची मानवी चाचणी झाली आणि २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १८ ते ४५ वयाचे ६० निरोगी पुरुष, तीन गट : दोन साधने आणि एक नेहमीचे इंजेक्शन. भुकटी सुरक्षित ठरली. पण या पुरुषांत गोवराविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीपासून होती, त्यामुळे लसीने प्रतिकार किती निर्माण होतो याचे उत्तर या चाचणीतून मिळणार नव्हते. पहिल्या टप्प्याचा तो हेतूही नसतो.

६. बाळांनी दिलेले उत्तर

निर्णायक धडा ओल्या फवाऱ्याच्या चाचणीतून आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटल संशोधन केंद्राच्या सहभागाने भारतातल्या खेड्यांत ९ ते ११ महिन्यांच्या २००४ बाळांवर ती झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. ९१ व्या दिवशी इंजेक्शन घेतलेल्या ९४.६ टक्के बाळांत प्रतिद्रव्ये सापडली, फवारा घेतलेल्या ८५.४ टक्के बाळांत. फरक ५ टक्क्यांच्या आत असता तर फवारा चालला असता. तो ९ टक्क्यांहून जास्त निघाला.

लक्षात घ्या, दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांवर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फवारा इंजेक्शनपेक्षा सरस ठरला होता. शाळकरी मूल सांगितल्यावर शांत बसून श्वास घेते. नऊ महिन्यांचे बाळ रडते, तोंड फिरवते, नाकाने उथळ श्वास घेते, आणि त्याच्या अंगात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये थोडीफार शिल्लक असू शकतात. यातले कोणते कारण किती, हे वेगळे काढणे कठीण. पण बसलेली मात्रा बाळागणिक बदलणार, हे आपल्या हिशेबातूनही दिसते.

मग माकडांनी खोटे सांगितले का? नाही. विचारले तेवढे त्यांनी खरे सांगितले : ही भुकटी फुफ्फुसात पोहोचली, तर विषाणू जिवंत असतो आणि संरक्षण मिळते. 'पोहोचली तर' हे दोन शब्द आपण वाचताना गाळतो. आम्ही आईच्या बाबतीत तेच केले होते. कोरडी गोवर लस अजून लसीकरण केंद्रात पोहोचलेली नाही. सुईशिवाय गोवर लस देण्याचे प्रयत्न आता त्वचेवर लावायच्या सूक्ष्म सुयांच्या पट्टीकडे वळले आहेत. गांबियातील बाळांवर झालेल्या चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०२४ मध्ये आले.

७. हिशेब चुकला तर किंमत कोण देतो?

भिलाईची भट्टी पेटली त्याच १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राणिप्रयोगांसाठी तीन तत्त्वे मांडली : शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते.

पण चौथी गोष्ट आपल्यासारख्या हिशेब करणाऱ्यांच्या हातात आहे. ज्या प्रयोगात बसलेली मात्रा मोजलीच नाही, त्यातून औषध निकामी होते की पोहोचलेच नाही, हे कळत नाही. तो प्रयोग परत करावा लागतो आणि आधीच्या उंदरांचा जीव फुकट जातो. म्हणून प्राणी आणण्यापूर्वी भुकटी कॅस्केड इम्पॅक्टरमधून घालवा. एकाखाली एक चकत्यांच्या या यंत्रात कण आकारानुसार वेगवेगळ्या मजल्यांवर बसतात. नळीच्या तोंडाशी गाळणी लावून हवेतले औषध मोजा. काम वेळखाऊ आहे, पण त्यात कोणाचा जीव जात नाही.

आईला मी शेवटी रिकामा रोटाहेलर देऊन जोरात ओढायचा सराव करून घेतला. वयामुळे तेवढा जोर येईना, म्हणून डॉक्टरांनी साधन बदलून स्पेसरसह फवारा दिला. औषधाची ताकद वाढवावी लागली नाही.

विचारासाठी प्रश्न

१. २५० ग्रॅमच्या उंदरासाठी मिनिटाचा श्वास काढा. वरच्याच हवेत १० मिनिटांत तो किती औषध हुंगेल? दर किलो वजनामागे ही मात्रा छोट्या उंदरापेक्षा कमी येते की जास्त?

२. भौमितिक व्यास २ मायक्रॉन, घनता पाण्याच्या दीडपट. वायुगतिक व्यास किती? हा कण उंदरासाठी योग्य वाटतो का?

३. संपूर्ण शरीराच्या पेटीत प्रयोग केला आणि रक्तात औषध सापडले. ते फुफ्फुसातूनच आले हे सिद्ध करायला आणखी कोणता गट ठेवाल?

४. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी भुकटीचा इनहेलर घेत असेल तर त्यांना घेताना एकदा पाहा. कॅप्सूल रिकामी होते का, हे विचारू नका. श्वास कसा घेतात ते पाहा.